पऱ्हाटीपासून पदरापर्यंत

(संघाच्या वार्षिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वेचणीमुळे ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



मला विषय दिला होता ‘वस्त्रोद्योग आणि महिला’. नाव मोठं आहे. वस्त्रोद्योग म्हटलं की डोळ्यांसमोर गिरणी येते, भोंगा येतो, सुरत-मुंबई येते. पण त्याची सुरुवात आपल्या वावरात होते. गटांच्या भेटीला गेले की मी विचारते, मावशी, काय काम करता? उत्तर ठरलेलं असतं. “आमी तं नुसता कापूस येचतो व बाई.” हा ‘नुसता’ शब्द मला फार खटकतो. आज मी या एका शब्दावरच बोलणार आहे.

तुम्ही सगळ्या हिशेबाच्या बाया आहात. बचत, कर्ज, व्याज तोंडपाठ सांगता. म्हणून आधी हिशेबच करू.

एका साडीचा हिशेब

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते. ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. रुई सूतगिरणीत साफ होते, पिंजली जाते, कातली जाते, त्यात आणखी घट लागते. शेवटी २५ ते २९ किलो सूत हाती येतं. पाचवारी सुती साडीचं वजन अर्धा किलो धरलं, तर एका क्विंटलमध्ये मोटामोटी पन्नास साड्या होतात. म्हणजे एका साडीला दोन किलो कापूस लागला.

आता २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव पाहा. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटल, लांब धाग्याच्या कापसाला ८,११०. कापूस चांगला निघाला, ओल कमी निघाली, खरेदी केंद्रावर नंबर लागला आणि पूर्ण ८,११० रुपये मिळाले असं धरू. तरी एका साडीमागे शेतकऱ्याच्या घरात आले १६२ रुपये. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी आणि वेचाई.

वेचाईचा दर गावागणिक बदलतो, पहिल्या वेच्याला वेगळा, शेवटच्याला वेगळा. हिशेबासाठी किलोला दहा रुपये धरू. दोन किलोचे झाले वीस रुपये. ज्या बाईने वाकून वाकून, बोंडाच्या टोकाने बोटं सोलून घेऊन तो कापूस वेचला, तिला त्या साडीमागे वीस रुपये मिळाले. तीच साडी घ्यायला ती दुकानात गेली तर किती द्यावे लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मधले पैसे कुणी फुकट खातं असं मी म्हणत नाही. जिनिंगवाला आहे, सूतगिरणी आहे, विणणारे, रंगवणारे, शिवणारे, गाडीवाले, दुकानदार आहेत. त्यांचेही कष्ट आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कापूस वावरापासून जितका लांब जातो तितकी त्याची किंमत वाढते, आणि आपण मात्र वावरातच थांबलेलो आहोत. आपण तिथे का थांबलो, याला इतिहास आहे.

वऱ्हाडातलं सूत कुठे गेलं?

जुन्या काळी आपल्या भागात कापूस पिकत होता आणि कापडही होत होतं. घराघरात बाया सूत कातायच्या. कोष्टी, साळी, मोमीन विणायचे. महार समाजातले विणकर जाडंभरडं टिकाऊ कापड विणायचे, शेतकरी-कष्टकरी तेच नेसायचे. पिंजारी कापूस पिंजायचे. रंगारी रंगवायचे, आलाच्या मुळीपासून लाल रंग निघायचा. अकोटच्या सतरंज्यांचं नाव तर आजही घेतलं जातं. एका लुगड्यामागे किती घरांची चूल पेटत होती बघा. आणि कातण्याचे चार पैसे थेट बाईच्या हातात पडत होते. विधवा असो, म्हातारी असो, टकळी फिरवून तिचं मीठ-मिरचीचं भागत होतं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना आपल्या काळ्या जमिनीतला कापूस हवा होता. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांची सगळी नजर इकडे वळली. आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, आणि युद्ध संपल्यावर तसेच धाडकन खाली आले. भाव चढतो कुठल्या तरी दूरच्या देशामुळे आणि पडतो आपल्या डोक्यावर, हे तेव्हापासून चालू आहे. आत्ताचंच पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आणि आपली वेचणी चालू असताना डिसेंबरअखेरपर्यंत ही माफी चालली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला. आपल्या भावाचं काय झालं ते तुमच्या घरातल्या पट्टीवर लिहिलेलं आहे.

तेव्हा कापूस न्यायला रेल्वे आली. अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, कारण तिथे कापसाचा मोठा बाजार होता. पुढे मूर्तिजापूरवरून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी आपली शकुंतला गाडी आली, तीही मुख्यतः कापसासाठीच. इंग्लंडच्या लिव्हरपूल बाजारात आपल्या कापसाला ‘ऊमरास’ म्हणत. हे आपल्या उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचंच नाव. नाव आपलं गेलं, कापूस आपला गेला, आणि त्याच गाडीने मँचेस्टरचं कापड परत आलं.

हे आपोआप झालं नाही. त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा एक खास कापूस अधिकारी नेमलेला होता. त्याने सरकारला उघड लिहिलं होतं की इकडे रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, आणि मग सूत कातणारी-विणणारी माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. ‘मोकळी होतील’ म्हणजे काय, तर आपल्या पणज्यांच्या हातातली टकळी जाईल आणि त्या वेचायला येतील. तसंच झालं. कातण्याचं काम गेलं, विणकरांच्या मागांवर धूळ बसली आणि पऱ्हाटीचं रान तेवढं वाढलं.

म्हणून मी म्हणते, आपण ‘नुसता’ कापूस वेचत नाही. कापडाच्या कामातली बाकीची कामं आपल्या हातातून गेली, वेचणी तेवढी राहिली.

पुढे आपल्याकडे गिरण्याही आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. अकोल्यात, अचलपुरात गिरण्या निघाल्या. तिथे पगार होता, कामगारांची संघटना होती, गावातल्या जातीच्या कामातून सुटका होती. त्यांतल्या बऱ्याच आता इतिहासजमा झाल्या. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली. ज्यांच्या घरातला माणूस तिथे कामाला होता त्या बाया इथे बसलेल्या आहेत, त्यांना मी काय सांगू.

कापड म्हणजे माणसाची इज्जत

कापडाचं मोल पैशात करून संपत नाही. आपल्याकडे पहिला कापूस फुटला की वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाची पूजा होते, दहीभात ठेवतात आणि मगच वेचणीला हात लावतात. घरात कापसाची वात होते, देवाला कापसाचं वस्त्र होतं. बाळ जन्मलं की आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं. पोळ्याला बैलाला झूल. लेकीची ओटी भरायची तर खण. आणि माणूस गेलं तरी शेवटी अंगावर कापडच. जन्मापासून मरणापर्यंत आपली साथ सोडत नाही असं दुसरं पीक नाही.

पण कापडाने माणसं तोडलीही आहेत. कुणी कसं नेसायचं, पदर कुठून घ्यायचा, लुगडं गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, हे जातीवरून ठरत होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांना मुद्दाम सांगितलं की जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत आणि ते जड दागिने सोडून द्या. त्या बायांनी तसं केलं. लुगडं नेसायची पद्धत बदलली म्हणजे किती मोठी गोष्ट झाली, हे ज्यांनी सोसलं त्यांनाच कळेल.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. परिटाच्या घरात जन्मलेला माणूस अंगावर चिंध्या जोडून केलेली गोधडी घालून गावोगाव फिरला, हातात खराटा घेऊन. त्यांच्यापुढे भरजरी कपड्यातली माणसं हात जोडून उभी राहायची. कापड किती भारी आहे यावर माणूस भारी ठरत नाही, हे त्यांच्या अंगावरच दिसत होतं. शिवाय चिंधीसुद्धा फेकायची नसते, तिचं पांघरूण होतं, हेही दिसत होतं.

चिंधीवरून आठवलं. वाकळ शिवणं ही आपली कला आहे. उन्हाळ्यात अंगणात चार जणी बसून जुन्या साड्यांचे थर घालून टाके घालतात. गप्पा होतात, गाणी होतात, सुखदुःख निघतं. आता बाजारातून शंभर-दोनशेची पॉलिस्टरची साडी येते, दिसायला चकचकीत, धुवायला सोपी. मी नावं ठेवत नाही, मीही नेसते. पण ती पेट्रोलियमपासून होते, घाम शोषत नाही, चुलीजवळ पेटली तर अंगाला चिकटते, आणि फाटल्यावर मातीत कुजत नाही. धुताना तिचे बारीक तंतू पाण्यात जातात. चुलीवर काम करताना तरी सुती नेसा, हे मात्र मी आग्रहाने सांगते.

पाणी, माती आणि फवारणीचे कपडे

आता पर्यावरण. हा शब्द शाळेतल्या पुस्तकातला वाटतो, पण त्याचा संबंध आपल्या विहिरीशी आणि आपल्या अंगाशी आहे.

जगाचा सरासरी हिशेब करणारे सांगतात की एका सुती शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं. पण सगळीकडचं पाणी सारखं नसतं. कुठे धरणाचं पाणी देऊन कापूस पिकवतात. आपला बहुतेक कापूस कोरडवाहू, आभाळाच्या पाण्यावर. खाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर तुम्हाला माहीतच आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे नऊशे गावं, जिथे जमिनीखालचं पाणी खारं. तिथे बोअर मारून ओलित करता येत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या देशी कापूस घेतला, कारण त्याची मुळी खोल जाते, तो पाण्याचा ताण सोसतो, रस शोषणाऱ्या किडीलाही बऱ्यापैकी दाद देत नाही.

मग देशी कापूस मागे का पडला? त्याचा धागा आखूड. इंग्रजांच्या आणि पुढे आपल्याही गिरण्यांच्या यंत्रांना लांब धागा पाहिजे होता. म्हणून अमेरिकन जातीचा कापूस आला, मग संकरित आला, आणि २००२ मध्ये बीटी आला. सुरुवातीला बोंडअळीपासून सुटका झाली, उत्पन्न वाढलं, हे खरं. पण संकरित बियाणं घरचं ठेवून चालत नाही, दरवर्षी पाकीट आणावं लागतं. पूर्वी सरकी निवडून राखून ठेवणं हे घरच्या बाईचं काम होतं. ते ज्ञान आणि तो अधिकार दोन्ही पाकिटात गेले. आणि काही वर्षांनी गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानलं नाही.

२०१७ साल कुणी विसरू शकत नाही. त्या वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पेपरात फवारणाऱ्या माणसांबद्दल खूप छापून आलं, आलंच पाहिजे होतं. पण फवारणीचं पाणी डोक्यावरून कोण आणतं? औषध कालवायला हात कोण लावतं? फवारून आलेल्या माणसाचे भिजलेले कपडे घरातल्या सगळ्या कपड्यांत कोण धुतं, तेही उघड्या हाताने? आणि दोन दिवसांनी त्याच पऱ्हाटीत निंदायला कोण जातं? त्या कपड्यातलं विष आपल्या हाताला लागतं, लेकराच्या दुपट्याला लागतं. कापडाच्या धंद्यातला हा भाग कुठल्याच हिशेबात लिहिलेला नसतो.

पुढे कापड रंगवताना रसायनं लागतात, आणि ते पाणी साफ न करता सोडलं तर नदी-नाल्यात जातं. जिथे जिथे रंगाईचे मोठे कारखाने आहेत तिथल्या लोकांना हे भोगावं लागलं आहे. आपल्याकडे अजून ती वेळ यायची आहे. म्हणून आत्ताच डोळे उघडे ठेवायचे.

आता दार पुन्हा उघडतंय

अमरावतीजवळ नांदगाव पेठला आधीच कापडाचे कारखाने आहेत. आता तिथे पीएम मित्र नावाचा मोठा वस्त्रोद्योग पार्क होतो आहे. सुमारे हजार एकरांचा. त्याचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झालं. शेतातल्या कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळं एका जागी करायचं, असा त्याचा विचार आहे. दीडशे वर्षांपूर्वी कापड आपल्यापासून लांब गेलं, ते परत जवळ येतंय असं समजू. आनंदाची गोष्ट आहे. आपल्या लेकी-सुना तिथे कामाला जातील. आपल्या गटांना शिलाईचं काम मिळू शकेल.

पण आपण तिथे कशा जाणार, हा खरा प्रश्न आहे. ‘नुसतं शिवतो’ म्हणत गेलो तर वेचणीत जे झालं तेच शिलाईत होईल. वीस रुपयांचा हिशेब दुसऱ्या दाराने परत येईल.

दुसरी वाटही आपल्या जवळच आहे. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. तिथे आजही कोरडवाहू भागातल्या, विष न मारलेल्या कापसापासून खादी होते, ती झाडापानांच्या रंगात रंगवली जाते, आणि कातणं, विणणं, रंगवणं या कामात बाया आहेत. काम थोडं आहे, सगळ्यांचं पोट त्यावर भरणार नाही, हे मला कळतं. पण वावर ते कापड ही सगळी वाट एका जिल्ह्यात, बायांच्या हातून होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. गटांच्या सहलीत देवदर्शनाबरोबर एक दिवस तिथे जाऊन या, असं माझं सांगणं आहे.

आपण काय करायचं?

भाषण ऐकून घरी गेलं की विसरायला होतं. म्हणून पाच कामं सांगते. प्रत्येक ग्रामसंघाने त्यातली जमतील ती निवडावी.

पहिलं, काटा आणि वही. ग्रामसंघाने स्वतःचा वजनकाटा घ्यावा. वेचणीच्या हंगामात रोजचं वजन बाईच्या नावासमोर वहीत लिहावं. वेचणी सुरू व्हायच्या आधी गावातल्या मजूर बायांनी आणि शेतकरी घरांनी एकत्र बसून दर ठरवावा. आपल्यातल्या काही जणी शेतमालकीण आहेत, काही मजूर. दोघींची अडचण खरी आहे. मालकिणीला भाव मिळाला नाही तर ती कुठून देणार, आणि मजुरीवालीने कमी का घ्यावं? या भांडणाला सभेत जागा द्या, धुऱ्यावर नको. आणि घरच्या वावरात बिनपैशाने वेचणाऱ्या बाईचंही वजन लिहा. हंगामाच्या शेवटी तो आकडा घरात वाचून दाखवा. मग बघू ‘नुसता’ कोण म्हणतं.

दुसरं, फवारणीचे कपडे. ते वेगळे ठेवायचे, वेगळ्या बादलीत धुवायचे, हातमोजे घालायचे, ते पाणी विहिरीजवळ किंवा हापशाजवळ टाकायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी औषधाला हात लावायचा नाही. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल-पाणी भरायचं नाही. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, खूप घाम असं काही झालं तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्यायचं. डॉक्टरला त्यावरून उपचार ठरवता येतो.

तिसरं, अर्ध्या एकराचा प्रयोग. ज्यांना शक्य आहे त्यांनी अर्धा एकर देशी सरळ वाणाचा कापूस लावून बघावा, खारपाणपट्ट्यातल्या बायांनी तर नक्कीच. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दाराशी आहे, त्यांनी देशी सरळ वाणही काढलेले आहेत. पण आधी विचारून घ्या, कापूस कोण घेणार? आखूड धागा गादी, वाती, दवाखान्याचा कापूस याला चालतो. गिऱ्हाईक ठरल्यावरच पेरा. आणि कोणताही कापूस असो, फरदड ठेवू नका. वेचणी झाली की पऱ्हाटी उपटा. उभ्या पऱ्हाटीत बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. चार मणांच्या लोभापायी पुढचं पीक जातं.

चौथं, शिलाईचा दर. २०२४-२५ मध्ये शाळेच्या गणवेशाच्या शिलाईचं काम राज्यात बचत गटांच्या बायांकडे आलं होतं. अशी कामं पुढेही येतील, सरकारची येतील, पार्कमधल्या कंपन्यांची येतील. दर सांगण्याआधी कागद घ्या. धागा, बटण, सुई, मशीनची झीज, लाईट बिल, कापड आणायचं भाडं आणि आपला वेळ. तासाचे पैसे लावल्याशिवाय दर सांगायचा नाही. आपला वेळ हिशेबात धरला नाही तर फायदा दिसतो, पण तो आपल्याच अंगातून काढलेला असतो. उरलेल्या चिंध्यांच्या वाकळी, पिशव्या, पायपुसणी करा, त्याचाही हिशेब वेगळा ठेवा.

पाचवं, लेकी-सुना कारखान्यात जाणार असतील तर विचारायचे प्रश्न. पगार बँकेत जमा होतो का? पीएफ कापतात का, त्याचा नंबर दिला का? जाण्या-येण्याला गाडी आहे का, पाळी सुटली की रात्री घरापर्यंत सोडतात का? संडास स्वच्छ आहे का? पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर पाहिजे, तसा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. आणि कारखान्यात रंगाई असेल तर ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा, रंगाचं पाणी साफ करून सोडता का, आणि कुठे सोडता?

तायांनो, मी वयाने तुमच्यापेक्षा लहान आहे. समाजकार्याचं शिक्षण घेतलं, पण तुम्ही पोतं पाठीवर टाकून दिवसभर उन्हात चालता, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मी एवढंच करू शकते की तुमच्या कामाला आकडा लावायला मदत करीन. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने एक कोरी वही आणावी. पहिल्या पानावर या हंगामात आपल्या गटातल्या बायांनी मिळून किती किलो कापूस वेचला, ते आठवून लिहू. अंदाजाने का होईना, लिहू. सगळ्या गटांची बेरीज संघाच्या पुढच्या अंकात छापायची, असं अध्यक्षताईंनी आत्ताच कबूल केलं आहे.

आणि आता कुणी विचारलं, बाई, काय काम करता? तर सांगा, आम्ही कापड करतो. त्याचं पहिलं काम आमच्या हातून होतं.